प्रत्येक फाइल कंपाइल होते, मग प्रोग्रॅम का जोडला जात नाही?

सी शिकताना पहिले काही महिने सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलमध्ये मावतो. पाचशे-सहाशे ओळी झाल्या की कुणीतरी सांगतं, आता याचे भाग पाडा. भाग पाडले जातात, प्रत्येक फाइल बिनतक्रार कंपाइल होते, आणि अगदी शेवटी स्क्रीनवर येतं: 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ' अमुक, आणि त्याखाली 'फर्स्ट डिफाइन्ड हिअर'. किंवा नेमकं उलट: 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू' अमुक. नवीन मुलं या ठिकाणी हमखास हेडर फाइल उघडतात आणि एकेक ओळ इकडची तिकडे करून पाहतात. कधी एरर जाते, पण का गेली ते कळत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात ती पुन्हा भेटते.

कंपायलर एकेक फाइल मशीनच्या भाषेत नेतो, आणि लिंकर ते तयार तुकडे जोडून एक प्रोग्रॅम बनवतो. हे सगळं दोन गोष्टींवर उभं आहे. कंपायलरला एका वेळी एकच फाइल दिसते. लिंकरला फक्त नावं दिसतात. खाली जे जे सांगणार आहे ते या दोन वाक्यांतूनच निघतं, त्यामुळे वाचता वाचता त्यांच्याकडे परत यायला हरकत नाही.

वाचून सोडू नका, सोबत टर्मिनल उघडा. मी लिनक्सवरचा जीसीसी हा कंपायलर गृहीत धरतो आहे. इथे कोड, आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत उतरवली आहेत, तुम्ही ती नेहमीसारखी रोमन अक्षरांत टाइप करा.

आधी तीन फाइल्स करा

बचत गटाच्या कर्जाचं व्याज काढणारा छोटा प्रोग्रॅम घेऊ. पहिली फाइल व्याज.सी. तिच्यात एक फंक्शन आणि एक ग्लोबल व्हेरिएबल आहे:

इंट व्यवहार_संख्या = 0;

डबल व्याज_काढा(डबल मुद्दल, डबल दर, इंट महिने)
{
    व्यवहार_संख्या++;
    रिटर्न मुद्दल * दर * महिने / 1200.0;
}

दुसरी मुख्य.सी. तिच्यात मेन आहे. ते व्याज_काढा दोन-तीनदा बोलावतं आणि शेवटी व्यवहार_संख्या छापतं. तिसरी व्याज.एच, म्हणजे हेडर. ती सध्या अशी लिहा:

एक्स्टर्न इंट व्यवहार_संख्या;
डबल व्याज_काढा(डबल मुद्दल, डबल दर, इंट महिने);

हेडरमधल्या या दोन ओळी डिक्लरेशन आहेत. 'या नावाची, या प्रकारची वस्तू कुठेतरी आहे' एवढंच त्या सांगतात. त्यांच्यामुळे मेमरीत एक बाइटही राखून ठेवला जात नाही. व्याज.सी मध्ये आहे ते डेफिनिशन, म्हणजे खरी वस्तू. डिक्लरेशन कितीही वेळा करा, चालतं. डेफिनिशन मात्र सगळ्या फाइल्स मिळून एकच असली पाहिजे. 'एक्स्टर्न' हा शब्द काढला आणि पुढे '= 0' लावलं की तीच ओळ डेफिनिशन होते.

दोन्ही सी फाइल्सच्या वरती व्याज.एच इन्क्लूड करा. दोन्हीमध्ये, फक्त मुख्य.सी मध्ये नाही. कारण थोड्या वेळाने सांगतो.

आता वेगवेगळं कंपाइल करा

एकाच आज्ञेत सगळं उरकायची सवय इथे मोडा. आधी फक्त कंपाइल:

जीसीसी -सी मुख्य.सी
जीसीसी -सी व्याज.सी

'-सी' चा अर्थ कंपाइल करा पण जोडू नका. मुख्य.ओ आणि व्याज.ओ या दोन ऑब्जेक्ट फाइल्स तयार होतील. मग जोडणी:

जीसीसी मुख्य.ओ व्याज.ओ -ओ हिशेब

पहिल्या दोन आज्ञांना येणारी एरर कंपायलरची, तिसरीला येणारी लिंकरची. कुठलीही एरर वाचताना पहिला प्रश्न हाच ठेवा: हे बोलतंय कोण? शेवटच्या ओळीत 'कलेक्टटू: एरर: एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस' असेल तर बोलणारा लिंकर आहे, आणि त्याच्याशी सिंटॅक्सबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा लिंकर याच दोन तक्रारी आकड्यांनी सांगतो: एलएनके 2005 म्हणजे डेफिनिशन दोनदा सापडली, एलएनके 2019 म्हणजे सापडलीच नाही.

आता ऑब्जेक्ट फाइलच्या आत पाहा. 'एनएम व्याज.ओ' ही आज्ञा द्या. एनएम ऑब्जेक्ट फाइलमधली नावं आणि प्रत्येकाच्या प्रकाराचं एक अक्षर दाखवतं. व्याज_काढा या नावापुढे कॅपिटल टी दिसेल, म्हणजे या फाइलमध्ये या फंक्शनचा खरा कोड आहे. व्यवहार_संख्या पुढे बी दिसेल. सुरुवातीला शून्य असलेल्या व्हेरिएबल्सची जागा वेगळ्या विभागात असते, त्याची ही खूण. शून्याऐवजी 5 दिलं असतं तर तिथे डी आला असता. मग 'एनएम मुख्य.ओ'. इथे मेनपुढे टी आहे, पण व्याज_काढा, व्यवहार_संख्या आणि प्रिंटएफ या तिघांपुढे यू आहे. यू म्हणजे 'हे मला हवं आहे, माझ्याकडे नाही'.

लिंकरचं निम्मं काम इथेच डोळ्यांसमोर येतं. प्रत्येक यू साठी तो दुसऱ्या कुठल्या तरी फाइलमध्ये टी, डी किंवा बी शोधतो. एकही सापडला नाही तर अनडिफाइन्ड रेफरन्स. दोन सापडले तर मल्टिपल डेफिनिशन. एकच सापडला तर त्याचा पत्ता, जिथे जिथे ते नाव वापरलं आहे तिथे तिथे भरतो. हे पत्ते भरणं हे त्याचं उरलेलं निम्मं काम.

मुद्दाम चूक करून पाहा

हेडरमधली पहिली ओळ बदलून 'इंट व्यवहार_संख्या = 0;' करा आणि व्याज.सी मधली काढून टाका. हेडरला गार्डही लावा, म्हणजे इफ-एन-डेफ, डिफाइन, एंडइफ हे नेहमीचं त्रिकूट, किंवा 'प्रॅग्मा वन्स'. तिन्ही आज्ञा पुन्हा द्या. मल्टिपल डेफिनिशन येईल.

'पण मी तर गार्ड लावला होता!' हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकलं आहे की ते आता या विषयाचाच भाग वाटतं. गार्ड एका फाइलच्या कंपाइलपुरतं काम करतो. एकाच सी फाइलमध्ये तोच हेडर दोन वाटांनी आला तर दुसऱ्यांदा तो वगळला जातो, इतकंच. मुख्य.सी कंपाइल करून संपली की कंपायलर सगळं विसरतो. व्याज.सी साठी तो नव्याने सुरू होतो, गार्डचं नाव त्याला माहीत नसतं, आणि हेडरचा मजकूर पुन्हा आत येतो. इन्क्लूड म्हणजे शब्दशः मजकूर तिथे आणून ठेवणं. 'जीसीसी -ई मुख्य.सी' देऊन बघा, स्टँडर्ड इनपुट-आउटपुटच्या एका हेडरमुळे किती शेकडो ओळी आत येतात ते दिसेल. कंपायलरच्या दृष्टीने 'फाइल' म्हणजे हा सगळा उलगडलेला मजकूर. दोन्ही ऑब्जेक्ट फाइल्सवर एनएम चालवा, दोन्हींत व्यवहार_संख्या पुढे बी आहे. लिंकरची तक्रार रास्त आहे.

म्हणून हेडरमध्ये एक्स्टर्न, आणि खरी ओळ कुठल्या तरी एकाच सी फाइलमध्ये. पुन्हा मूळ स्थितीत आणा.

जुन्या पुस्तकातला कोड का अडतो

इथे एक फाटा आहे आणि तो बऱ्याच जणांना छळतो. जुन्या पुस्तकांत, कॉलेजच्या जुन्या जर्नल्समध्ये हेडरमध्ये नुसतंच 'इंट व्यवहार_संख्या;' लिहिलेलं असतं, ना एक्स्टर्न ना '= 0', आणि ते वर्षानुवर्षं चाललेलं असतं. सीमध्ये अशा ओळीला तात्पुरती डेफिनिशन मानतात. जीसीसी पूर्वी अशी नावं 'कॉमन' म्हणून नोंदवायचा (एनएममध्ये सी हे अक्षर), आणि लिंकर एकाच नावाच्या सगळ्या कॉमन नोंदी एकत्र करून एकच जागा द्यायचा. हे नाव फोरट्रानमधल्या कॉमन ब्लॉकवरून आलं आहे. वेगवेगळ्या सबरुटीन्सनी मेमरीचा एक तुकडा वाटून घ्यायची ती सोय होती.

2020 साली आलेल्या जीसीसी 10 पासून ही सवलत आपोआप मिळत नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही 11 व्या आवृत्तीत तेच केलं. त्यामुळे कालपर्यंत चालणारा कोड नव्या उबुंटूवर मल्टिपल डेफिनिशन देतो आणि दोष आपलाच वाटतो. '-एफकॉमन' हा पर्याय दिला की जुनं वागणं परत येतं. दुसऱ्याचा जुना प्रोग्रॅम आज संध्याकाळपर्यंत चालवायचाच असेल तर तो द्या. स्वतःच्या कोडमध्ये देऊ नका, एक्स्टर्न लिहा.

स्वतःचा हेडर स्वतःच्या सी फाइलमध्ये का हवा

हा मुद्दा पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून प्रयोगच करू. व्याज.सी मध्ये ही ओळ वाढवा:

डबल वार्षिक_दर = 12.0;

हेडरला हात लावू नका. मुख्य.सी मध्ये थेट लिहा 'एक्स्टर्न इंट वार्षिक_दर;' आणि ती किंमत छापा. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, प्रोग्रॅम चालतो आणि दर छापतो 0. बारा नाही, शून्य. नेहमीच्या इंटेल किंवा एएमडीच्या संगणकावर 12.0 या डबलच्या आठ बाइटांपैकी पहिले चार शून्य असतात, आणि इंट नेमके तेच चार वाचतो.

मुख्य.सी कंपाइल होताना कंपायलरला व्याज.सी दिसतच नव्हती, तुम्ही सांगितलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. लिंकरपुढे 'वार्षिक_दर' हे नाव दोन्हीकडे होतं. प्रकार त्याच्या नोंदीत नसतो, नाव जुळलं, त्याने जोडलं. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं आणि उत्तर चुकलं. मुख्य.सी मधली ओळ काढा, एक्स्टर्न ओळ हेडरमध्ये लिहा आणि हेडर दोन्हीकडे इन्क्लूड करा. आता मुद्दाम हेडरमध्ये इंट लिहून बघा. व्याज.सी कंपाइल करताना कंपायलर डिक्लरेशन आणि डेफिनिशन एकाच वेळी पाहतो आणि 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स' म्हणून लगेच थांबतो. दोन्ही बाजू एकाच नजरेत येतील अशी ही एकमेव जागा आहे, ती गमावू नका.

डिक्लरेशनच न करता फंक्शन बोलावण्याचा प्रकार याच कुळातला. जुना सी असं गृहीत धरायचा की ते इंट परत देतं, त्यामुळे आपल्या व्याज_काढाचं उत्तर भलतंच आलं असतं. सी 99 ने ही पद्धत काढून टाकली, तरी जीसीसी अनेक वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिला. 2024 च्या जीसीसी 14 मध्ये ती एरर झाली.

स्टॅटिक: फाइलपुरतं नाव

व्याज.सी मध्ये आणखी एखादं मदतनीस फंक्शन असेल, समजा 'तपासा', आणि ते बाहेर कुणाला लागत नसेल, तर त्याच्या आधी स्टॅटिक लिहा. एनएममध्ये स्मॉल टी दिसेल. स्मॉल अक्षर म्हणजे हे नाव या फाइलच्या बाहेर जात नाही, दुसऱ्या फाइलमध्येही 'तपासा' असलं तरी दोघांची गाठ पडणार नाही. मी तर म्हणेन, आधी सगळ्याच फंक्शन्सना स्टॅटिक लावा आणि बाहेर लागतील तेवढ्यांचंच काढा.

पण एक सापळा आहे. मल्टिपल डेफिनिशनला कंटाळून कुणी हेडरमधल्याच व्हेरिएबलला स्टॅटिक लावतं. एरर जाते खरी. आता प्रत्येक फाइलला स्वतःची वेगळी व्यवहार_संख्या मिळालेली असते. व्याज.सी तिची वाढवत राहते, मुख्य.सी स्वतःची छापते, आणि ती कायम शून्य.

अनडिफाइन्ड रेफरन्स आला तर

सगळ्यात साधं कारण आधी बघा: जोडणीच्या आज्ञेत ऑब्जेक्ट फाइल द्यायची राहिली आहे. त्यानंतर स्पेलिंग. त्यानंतर, डेफिनिशनवर चुकून स्टॅटिक राहिलं आहे का. या तिन्हींचं उत्तर एनएम दोन मिनिटांत देतं.

मग लायब्ररी. वर्गमूळाचं फंक्शन वापरलं की गणिताची लायब्ररी '-एलएम' देऊन जोडावी लागते, आणि ती आज्ञेत शेवटी लिहायची असते. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. स्टॅटिक लायब्ररी म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्सचं गाठोडं. तिथे पोचल्यावर तो सगळं गाठोडं उचलत नाही, तोवर जे यू अनुत्तरित आहेत त्यांची उत्तरं ज्या ऑब्जेक्ट फाइल्समध्ये आहेत तेवढ्याच घेतो. लायब्ररी आधी आली तर तेव्हा कुणाला काही हवंच नसतं, तो काहीही न घेता पुढे जातो आणि मागे वळत नाही. म्हणूनच तुम्ही लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनच्या नावाचंच फंक्शन लिहिलंत तरी बहुतेकदा एरर येत नाही: तुमचं आधी सापडलं, लायब्ररीतलं उघडलंच गेलं नाही.

सी आणि सी++ मिसळलेत तर आणखी एक कारण असतं. सी++ चा कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या पॅरामीटर्सचे प्रकार गुंफतो. आपलं व्याज_काढा तिथे '_झेड10व्याज_काढाडीडीआय' असं दिसतं. 10 म्हणजे रोमन लिपीत नावाची अक्षरं, अंडरस्कोर धरून. शेवटचे डी, डी, आय म्हणजे दोन डबल आणि एक इंट. सीने तयार केलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये मात्र साधं व्याज_काढा आहे. नावं जुळत नाहीत. सी++ च्या बाजूला त्या डिक्लरेशनवर 'एक्स्टर्न "सी"' लावलं की गुंफण थांबते.

सी++ मध्ये नियम सैल होतो, आणि धोका वाढतो

सी++ मध्ये क्लास, टेम्प्लेट आणि इनलाइन फंक्शन यांची पूर्ण डेफिनिशन हेडरमध्येच लिहायची असते, म्हणजे ती प्रत्येक फाइलमध्ये येणारच. टेम्प्लेटचा कोड वेगळ्या फाइलमध्ये नेऊन लपवला तर उलट अनडिफाइन्ड रेफरन्स येतो, कारण कुठल्या प्रकारासाठी तो घडवायचा हे त्या फाइलला कळत नाही. म्हणून भाषेने सवलत दिली: अशा डेफिनिशन्स अनेक फाइल्समध्ये असू शकतात, अट एकच, त्या शब्दन्‌शब्द सारख्या असल्या पाहिजेत आणि त्यांचा अर्थही सारखाच असला पाहिजे. एनएममध्ये त्या फंक्शन्सपुढे डब्ल्यू दिसतो, म्हणजे वीक. लिंकर त्यांतली एक ठेवतो, बाकीच्या टाकतो, आणि तक्रार करत नाही. सी++ 17 पासून व्हेरिएबललाही इनलाइन लावता येतं, त्यामुळे हेडरमध्ये ग्लोबल ठेवण्याची अडचण तिथे सुटली आहे. सीमधला इनलाइन मात्र वेगळा वागतो. तिथे हेडरमधल्या छोट्या फंक्शनला सरळ 'स्टॅटिक इनलाइन' लिहा आणि पुढे चला.

सारख्या असल्या पाहिजेत, पण तपासतो कोण? कंपायलरला एकच फाइल दिसते. लिंकरला फक्त नावं दिसतात. मानकातही स्पष्ट आहे की ही चूक दाखवून देणं कंपायलरवर बंधनकारक नाही.

एका कामात मी याच गोष्टीवर जवळपास आठवडा घालवला. दोन सी++ फाइल्स, दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या, एकमेकांशी संबंध नाही. दोघांनीही आपापल्या फाइलमध्ये 'नोंद' नावाचा स्ट्रक्ट केला होता. एकात इंट आणि डबल, म्हणजे 16 बाइट. दुसऱ्यात त्याशिवाय एक स्ट्रिंग, म्हणजे 48 बाइट. दोन्हींत आतच लिहिलेला, पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर, म्हणजे वस्तू तयार होताना आपोआप चालणारं फंक्शन. आत लिहिलेलं फंक्शन आपोआप इनलाइन, म्हणून वीक, आणि गुंफलेलं नाव दोन्हीकडे हुबेहूब एकच. लिंकरने पहिला सापडलेला ठेवला. तो 48 बाइटवाला होता. आता पहिल्या फाइलमध्ये कुणी 16 बाइटची नोंद तयार केली की तिच्यावर 48 बाइटचा कन्स्ट्रक्टर चालायचा आणि शेजारची मेमरी पुसून टाकायचा. क्रॅश व्हायचा तो भलत्याच फंक्शनमध्ये. त्याहून गोंधळात टाकणारं म्हणजे ऑप्टिमायझेशन लावून केलेला बिल्ड सुरळीत चालायचा. तिथे कंपायलर कन्स्ट्रक्टरचा कोड वापराच्या जागीच उतरवत होता, लिंकरकडे निवडीचा प्रश्नच जात नव्हता. क्रॅश फक्त डिबग बिल्डमध्ये, आणि जोडणीतला फाइल्सचा क्रम बदलला की त्याचं रूप बदलायचं.

सापडलं ते एनएममुळेच. '-सी' कॅपिटल देऊन नावं उलगडून घेतली, सगळ्या ऑब्जेक्ट फाइल्समधले डब्ल्यू एकत्र काढले, आणि 'नोंद::नोंद()' अशा दोन फाइल्समध्ये दिसला ज्यांच्यात सामाईक हेडरच नव्हता. दोन्ही स्ट्रक्ट आपापल्या फाइलमध्ये निनावी नेमस्पेसमध्ये घातले, म्हणजे आतली नावं फाइलपुरतीच राहतात. डब्ल्यू जाऊन स्मॉल टी आले आणि क्रॅश थांबला.

तुम्हाला एवढं फिरावं लागू नये. जीसीसीला कंपाइल करताना आणि जोडताना, दोन्ही वेळा '-एफएलटीओ' द्या. मग जोडणीच्या वेळी कंपायलरला सगळ्या फाइल्स एकत्र पाहायला मिळतात, आणि असा स्ट्रक्ट आढळला तर 'व्हायोलेट्स द सी++ वन डेफिनिशन रूल' अशी वॉर्निंग येते. रोजच्या बिल्डमध्ये ते सावकाश वाटेल. आठवड्यातून एकदा, स्वच्छ फोल्डरमध्ये सगळं नव्याने बांधून ती वॉर्निंग येते का ते पाहिलं तरी पुरतं. आणि एकाच फाइलमध्ये वापरायचे छोटे स्ट्रक्ट असतील तर ते आजच निनावी नेमस्पेसमध्ये हलवा.